डाव्या बरगडीखालची गाठ : घाबरू नका, चोळू नका, तपासून घ्या



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झाले की आम्ही कार्यकर्त्या अर्धा-पाऊण तास वस्तीतल्या बायाबापड्यांच्या तब्येतीची विचारपूस करतो. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन एवढेच आमच्या हातात असते. अशाच एका रविवारी तिशीतली एक भगिनी बाजूला बसून होती. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "ताई, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं. डाव्या कुशीत काहीतरी ठेवल्यासारखं जड वाटतं." हे दोन वर्षे चालू होते. या दोन वर्षांत तिने पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या, एकदा अंगारा लावला आणि "बेंबी सरकली" म्हणून दोनदा पोट चोळून घेतले. सोनोग्राफी मात्र एकदाही झाली नव्हती.

सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये लिहून आले, प्लीहेत पाण्याची गाठ. घरात रडारड सुरू झाली. सासूबाईंनी विचारले, "गाठ म्हणजे कॅन्सरच ना?"

नाही. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, आणि पांथरीतली पाण्याची गाठ तर बहुतेक वेळा साधीच असते. पण साधी असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्या भगिनीच्या संमतीने, नाव न देता, तिची हकीकत सांगत हा विषय या महिन्यात समजून घेऊ.

पांथरी म्हणजे काय?

डॉक्टर जिला प्लीहा म्हणतात तिलाच आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी पांथरी किंवा पाणथरी हा शब्द आहे. पोटाच्या डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती असते. आकार साधारण आपल्या मुठीएवढा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. निरोगी पांथरी सहसा हाताला लागत नाही.

तिची कामे मुख्यत्वे दोन. रक्तातल्या जुन्या, झिजलेल्या तांबड्या पेशी गाळून बाजूला काढणे, आणि रक्तात शिरलेल्या जंतूंना पकडून मारणे. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारे काही जंतू मारायला तिचा फार उपयोग होतो. पांथरीत रक्त भरपूर खेळते. म्हणून तिला जखम झाली तर पोटात मोठा रक्तस्राव होतो. पोट चोळणे का धोक्याचे, ते यावरून ध्यानात यावे.

एक फरक इथेच सांगतो. पांथरी सुजणे वेगळे आणि पांथरीत गाठ होणे वेगळे. मलेरिया, काविळीचे जुने दुखणे, थॅलेसेमिया यांत अख्खी पांथरी वाढते. सिकलसेलमध्ये लहानपणी ती वाढते आणि पुढे आक्रसत जाते. सिकलसेलचे प्रमाण विदर्भातल्या आपल्या समाजात बरेच आहे. तिकडून सोयरीक होऊन आलेल्या सुना-जावयांनी आणि त्यांच्या मुलांनी ही रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. पाण्याची गाठ मात्र पांथरीच्या एका भागात भरलेल्या पिशवीसारखी असते. वरून हात लावून दोन्हींतला फरक नक्की सांगता येत नाही. तो सोनोग्राफीत दिसतो.

गाठ कशी होते?

पांथरीतल्या पाण्याच्या गाठी एकूणच दुर्मिळ. आपल्या भागाच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

पहिला प्रकार जंताचा. त्याला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, मातीत, पाण्यात मिसळतात. मेंढ्या-शेळ्यांच्या पोटात ती गेली की त्यांच्या काळजात, फुप्फुसात पाण्याचे फोड होतात. ते फोड असलेला कच्चा माल खाटकाने किंवा मेंढपाळाने कुत्र्यापुढे टाकला की पुन्हा कुत्र्याच्या पोटात कृमी तयार. हे चक्र कुत्रा आणि मेंढी यांच्यातच फिरत असते. माणूस त्यात चुकून सापडतो. कुत्र्याला हात लावून तसेच जेवायला बसलो, न धुतलेली कोथिंबीर, मेथी, मुळा कच्चा खाल्ला, उघड्यावरचे पाणी प्यायलो, तर अंडी आपल्या पोटात जातात. माणसात ही गाठ बहुतेक वेळा काळजात, त्याखालोखाल फुप्फुसात होते. पांथरीत ती शंभरात मोजक्या रुग्णांना होते.

सातारा-सांगलीकरांनी हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. माण, खटाव, फलटण, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा दुष्काळी, मेंढरांचा मुलूख. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने तर मेंढीची जातच ओळखली जाते. जिथे मेंढरे तिथे राखणीची कुत्री आलीच. आमच्या त्या भगिनीचे माहेर अशाच गावातले. लहानपण मेंढरांच्या वाड्याशेजारी, कुत्र्याच्या पिलांशी खेळण्यात गेलेले. ही गाठ इतकी सावकाश वाढते की लहानपणी पोटात गेलेले अंडे पंचविशी-तिशीत त्रास देऊ शकते.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. नीट शिजवलेले मटण खाल्ल्याने ही गाठ होत नाही. आणि ती एका माणसाची दुसऱ्याला लागत नाही. म्हणून रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा करू नका. ताट वेगळे ठेवल्यावर माणसाला काय वाटते, ते आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको.

दुसरा प्रकार जन्मजात. गर्भात पांथरी घडताना तिच्यात एक अस्तर असलेली पिशवी राहून जाते आणि पुढे तिच्यात पाणी भरते. ही बहुधा मुलांत आणि तरुण वयात सापडते. या गाठीत कधी कधी 'सीए १९-९' ही रक्ततपासणी वाढलेली येते. ही तपासणी कॅन्सरमध्येही वाढते, त्यामुळे रिपोर्ट पाहून घरचे हादरतात. पण केवळ या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही.

तिसरा प्रकार माराचा. डाव्या बरगडीवर जोराचा मार बसला की पांथरीच्या आत रक्त साकळते. जखम वरून दिसत नाही. साकळलेले रक्त हळूहळू पातळ होते, भोवती जाड कवच धरते आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, ती गाठ म्हणून दिसते. मोटारसायकलवरून पडणे, उसाच्या ट्रॉलीवरून घसरणे, बांधकामाच्या परातीवरून कोसळणे, बैलाची लाथ, ही कारणे आपल्या कष्टकरी वस्तीत रोजची.

आणखी एक कारण आहे, जे केसपेपरवर "पडली" असे लिहिले जाते. नवऱ्याची लाथ. आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा "जिन्यावरून पडले" असे खाली मान घालून सांगणाऱ्या बाया पुष्कळ पाहिल्या. बहिणींनो, डॉक्टरला किंवा नर्सला खरे कारण सांगा. मार कुठे आणि कधी बसला हे कळल्याशिवाय निदानाची दिशा चुकते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ पासून आहे, १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. आणि बंधूंनो, विहारात पंचशील म्हणायचे आणि घरी हात उचलायचा, हे बाबासाहेबांच्या माणसाला शोभत नाही.

लक्षणे कोणती?

लहान गाठ काहीच त्रास देत नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करताना ती अचानक दिसते. मोठी झाली की डाव्या कुशीत जडपणा, मंद दुखणे, थोडे खाऊन पोट भरल्यासारखे वाटणे, मळमळ, कधी डाव्या खांद्यात दुखणे अशी लक्षणे येतात. खांदा का दुखतो? पांथरी श्वासपटलाला लागून असते, आणि तिथल्या दुखण्याची जाणीव खांद्याकडे होते. म्हणून डावा खांदा आणि डावी कूस एकत्र दुखत असेल तर नुसता मलम चोळत बसू नका.

पोटात अचानक असह्य कळ, घाम, चक्कर, अंग थंड पडणे, किंवा अंगभर गांधी उठून श्वास कोंडणे ही गाठ फुटल्याची किंवा आत रक्तस्राव होत असल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. ताप आणि थंडी असेल तर गाठीत पू झालेला असू शकतो, तोही थांबण्याचा मामला नाही. गरोदर बाईला अशी गाठ असल्याचे माहीत असेल तर पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगावे.

निदान कसे होते?

सुरुवात सोनोग्राफीने होते. ती दुखत नाही, तिच्यात किरणांचा धोका नाही. गाठ पाण्याची की घट्ट, केवढी, एक की अनेक, काळजातही आहे का, हे तिच्यात दिसते. पुढची नेमकी माहिती सीटी स्कॅन देतो. गाठीच्या कडेला चुन्याचा थर आहे का, आत लहान लहान पिशव्या आहेत का, रक्तवाहिन्यांपासून ती किती दूर आहे, हे पाहून शस्त्रक्रिया ठरते. हायडॅटिडची शंका असेल तर त्यासाठी वेगळी रक्ततपासणी असते. पण ती निरोगी आली म्हणजे हायडॅटिड नाहीच, असे होत नाही. चित्र, रक्त आणि रुग्णाची हकीकत तिन्ही जुळवून डॉक्टर निर्णय घेतात. शस्त्रक्रिया झाली तर काढलेला भाग तपासणीला पाठवतात आणि गाठ कोणत्या प्रकारची, हे तिथे पक्के होते. तो रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.

डॉक्टरांना मेंढरे-कुत्री यांचा सहवास, जुना मार, माहेरचे गाव हे आपणहून सांगा. आमच्या भगिनीला हे कोणी विचारलेच नव्हते, आणि तिलाही ते सांगण्यासारखे वाटले नव्हते.

हायडॅटिड नाही अशी खात्री होण्याआधी गाठीत सुई घालून पाणी काढणे योग्य नाही. आतले पाणी पोटात सांडले तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते आणि त्यातून पोटभर नव्या गाठी होऊ शकतात. पोट चोळणे, तुडवणे, बिब्बा घालणे, डाग देणे हे तर त्याहून वाईट. पोटातली गाठ बोटांनी काढून दाखवतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला सांगा की असा दावा करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश दुखण्यालाही लागू आहे.

उपचार काय?

गाठ दिसली की लगेच ऑपरेशन, असे नाही. त्रास न देणारी, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान आणि जंताची नसलेली गाठ डॉक्टर बहुधा नजरेखाली ठेवतात. सहा महिन्यांनी, मग वर्षाने सोनोग्राफी करून ती वाढते का ते पाहतात. जुना रिपोर्ट नसेल तर वाढ कळणार कशी? म्हणून सगळे कागद एका पिशवीत ठेवा.

गाठ मोठी असेल, वाढत असेल किंवा त्रास देत असेल तर शस्त्रक्रिया सुचवतात. पूर्वी सर्रास अख्खी पांथरी काढत. आता शक्य तिथे पांथरी वाचवण्याकडे कल आहे. दुर्बिणीतून गाठीचे वरचे छप्पर कापून ती मोकळी करतात. यात गाठ परत भरण्याची शक्यता राहते. किंवा गाठीसकट पांथरीचा तेवढाच भाग काढतात. साधारण चौथा हिस्सा पांथरी शाबूत राहिली तरी ती जंतूंशी लढण्याचे काम बरेचसे करू शकते. गाठ फार मोठी असेल, मुख्य रक्तवाहिन्यांपाशी असेल, अनेक असतील तर पूर्ण पांथरी काढावी लागते. नुसते सुईने पाणी काढल्यास गाठ बहुधा पुन्हा भरते.

हायडॅटिड असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर अल्बेंडाझोल हे औषध देतात. शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना देतात तेच हे औषध. पण त्या एका गोळीने ही गाठ जात नाही. हायडॅटिडसाठी ते रोज, आठवडे किंवा महिने घ्यावे लागते आणि मधूनमधून रक्त व काळजाची तपासणी करावी लागते. गरोदरपणात ते टाळतात. दुकानातून आपल्या मनाने आणून खाऊ नये.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना हे विचारा: गाठ कोणत्या प्रकारची वाटते? पांथरी वाचेल का? दुर्बिणीने होईल का? पूर्ण काढावी लागली तर लशी केव्हा देणार? हे विचारणे आगाऊपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगा.

पांथरी काढल्यावर

पांथरीशिवाय माणूस जगतो, कामधंदा करतो, बाईला मूलबाळ होते. पण जंतूंविरुद्धचा एक पहारेकरी कमी झालेला असतो. म्हणून न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लशी घ्याव्या लागतात. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी, आणि तातडीचे ऑपरेशन झाले तर साधारण दोन आठवड्यांनी. फ्लूची लस दरवर्षी. तान्ह्या बाळांना यांतल्या काही लशी सरकारी लसीकरणात मिळतात. मोठ्या माणसांना त्या बहुतेक वेळा विकत घ्याव्या लागतात, आणि त्या स्वस्त नाहीत. नेमके इथेच आपली माणसे मागे राहतात. टाके निघाले, घरी आलो, संपले, असे समजतात.

संपलेले नसते. पांथरी नसलेल्या माणसाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही. काही तासांत जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत आणि लहान मुलांत धोका जास्त, पण तो जन्मभर राहतो. रात्र असो, पाऊस असो, रुग्णालयात जायचे आणि आत शिरतानाच सांगायचे, "माझी पांथरी काढलेली आहे." कुत्रा चावला तरी तेच. रेबीजच्या इंजेक्शनबरोबर जंतुनाशक औषधही लागते. मलेरिया अशा माणसाला जास्त बाधतो, म्हणून मच्छरदाणी हवीच.

आमच्या त्या भगिनीची गाठ हायडॅटिडची निघाली. रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी होती, त्यामुळे पूर्ण पांथरी काढावी लागली. लशींचे पैसे महिला मंडळाने वर्गणी काढून उभे केले आणि ऑपरेशनच्या आधीच लशी झाल्या. आम्ही एका जाड कागदावर "पांथरी काढलेली आहे, ताप आल्यास तातडीने उपचार करावेत" असे लिहून, लशींच्या तारखा टाकून, प्लॅस्टिकमध्ये घालून तिला दिले. सात-आठ महिन्यांनी एका रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. नवरा म्हणाला, सकाळी बघू. अंगारा आणणाऱ्या त्याच सासूबाईंनी तो कागद पर्समधून काढला आणि रिक्षा बोलावली. इंजेक्शने वेळेत सुरू झाली, चार दिवसांनी ती घरी आली. आज ती कामावर जाते.

पैसे आणि हक्क

मिरज ही जुनी वैद्यकनगरी. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय सुरू केले आणि १९६२ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, कराडला कृष्णा रुग्णालय. एवढे जवळ असताना पैशांच्या भीतीने घरी बसू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत केले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच त्याच्याकडे जा आणि आपले ऑपरेशन यादीत बसते का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. ही कोणाची मेहेरबानी नाही, विश्वस्त कायद्यातली तरतूद आहे.

गाठ होऊच नये म्हणून

कुत्र्याला, मातीला हात लागला तर साबणाने हात धुवा. कच्चा भाजीपाला वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. पाळलेल्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरकडून जंताचे औषध वेळेवर द्या. फोड असलेले काळीज-फोपसे कुत्र्यापुढे टाकू नका. ते खोल पुरा किंवा जाळा.

पण पुरायचे कोणी? १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. आपण ते सोडले. आज जत्रेनंतरचा, खाटीकखान्यामागचा कच्चा माल उघड्यावर पडतो आणि भटकी कुत्री तो आपल्या वस्तीच्या कडेला आणून खातात. त्याची विल्हेवाट लावणे ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे, महापालिकेचे काम आहे, एखाद्या जातीचे नाही. जे सफाई कामगार ते करतात त्यांना हातमोजे, गमबूट आणि साबण मिळालाच पाहिजे. येत्या ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत हा विषय लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या.

आजाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुऊन स्वच्छ केले, ही गोष्ट आपण विहारात ऐकतो. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की शेजारणीला एवढेच विचारा, "डाव्या कुशीत जड तर वाटत नाही ना?" हो म्हणाली, तर तिच्याबरोबर सोनोग्राफीला जा.

जय भीम!